मूळ वेगावर

निळा पडदा आला की माणसं आधी विंडोजला शिव्या देतात. मला ते कधीच पटलेलं नाही. त्या क्षणी विंडोज फार जबाबदारीचं काम करत असते. आपल्या गाभ्यात असं काही बिघडलंय की यापुढे मेमरीतल्या कुठल्याच आकड्यावर भरवसा ठेवता येणार नाही, हे तिच्या लक्षात आलेलं असतं. तशातही काम पुढे रेटलं तर चुकीचा मजकूर डिस्कवर लिहिला जाईल. म्हणून ती सगळं जागच्या जागी थांबवते, घडल्या प्रकाराची नोंद एका फायलीत ठेवते, पडद्यावर एक कोड दाखवते आणि मशीन पुन्हा सुरू करते. २०२५ साली विंडोज ११ मध्ये या पडद्याचा रंग काळा झाला, काम मात्र तेच राहिलं. कोसळणाऱ्या मशीनपेक्षा मला भीती वाटते ती न कोसळता गुपचूप चुकणाऱ्या मशीनची.

जुनं आणि त्यातून ओव्हरक्लॉक केलेलं, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं पळवलेलं, मशीन तपासायला सगळ्यात अवघड. कारण त्याचा निळा पडदा नेहमी दुसऱ्याच कुणाकडे बोट दाखवतो.

अकोल्यात माझे एक स्नेही लग्नपत्रिका आणि हँडबिलांचं डीटीपी करतात. त्यांच्याकडचं मशीन इंटेल कोअर आय-५ २५००-के या प्रोसेसरचं. २०११ च्या जानेवारीत बाजारात आलेला हा प्रोसेसर अजूनही अनेक दुकानांत इमानानं राबतो आहे. मशीन त्यांनी इंजिनीअरिंगच्या एका विद्यार्थ्याकडून जुनंच घेतलेलं. लग्नसराई ऐन भरात आली आणि कोरलड्रॉमधून पीडीएफ काढताना दुपारच्या वेळी निळा पडदा येऊ लागला. विंडोज नव्यानं टाकून झाली, रॅम बदलून झाली, अँटीव्हायरस काढून झाला. "भाऊ, हिवाळ्यात एकदाही बंद नाही पडला. आत्ताच काय झालं याले?" असं ते काकुळतीनं विचारत होते. मला तर त्या प्रश्नातच अर्धं निदान दिसलं.

विंडोजच्या मिनीडंप नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक क्रॅशची एक छोटी फाइल साठते. ती विनडीबीजी या क्रॅश तपासण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडली की कोसळताना मशीन कुठे होतं ते कळतं. या फायली एकेक करून वाचताना मला कोडपेक्षा त्यांच्यातला विस्कळीतपणा महत्त्वाचा वाटतो. एखादा ड्रायव्हर खरोखरच बिघडलेला असेल तर तेच नाव, तोच कोड पुन्हा पुन्हा येतो. इथे एका फायलीत ग्राफिक्स ड्रायव्हर, दुसरीत फाइल सिस्टीम, तिसरीत मेमरी व्यवस्थापन. दर वेळी नवा आरोपी! इतके जण एकाच वेळी बिघडत नाहीत. बिघडलेली असते ती सगळ्यांच्या पायाखालची जमीन. त्यातच एका फायलीत ०x१२४ हा कोड सापडला. हा कोड म्हणजे खुद्द हार्डवेअरनं केलेली तक्रार. दुरुस्त न होणारी चूक आपल्यातच घडल्याचं प्रोसेसर स्वतः कळवतो, आणि विंडोज फक्त ते नोंदवते.

मग बायॉस उघडलं. या प्रोसेसरचा मूळ वेग म्हणजे १०० मेगाहर्ट्झचं घड्याळ आणि त्याला ३३ चा गुणक, एकूण ३३०० मेगाहर्ट्झ. तिथे गुणक ४५ वर होता आणि व्होल्टेज १.४ च्या घरात. आधीच्या मालकानं खेळांसाठी वेग वाढवला असणार. पुढच्या मालकाच्या हे गावीही नव्हतं. त्यांनी मशीन घेतलं होतं, त्याची सेटिंग्ज त्यांना कुणी सांगितली नव्हती.

सगळं मूळ जागी आणण्यापूर्वी बायॉसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. डीफॉल्ट लोड केले की बऱ्याच जुन्या बोर्डांवर डिस्कचा मोडही बदलतो. तो एएचसीआय असलेला आयडीई झाला की विंडोज सुरूच होत नाही, ०x७बी हा निराळाच निळा पडदा येतो आणि माणूस घाबरून भलतीकडे शोधत बसतो. डिस्कचा मोड तेवढा पूर्वीसारखा ठेवला, बाकी वेग, व्होल्टेज आणि रॅमचं प्रोफाइलही मूळ जागी आणलं. रॅमचं प्रोफाइल लोक विसरतात, पण तोही वाढवलेला वेगच असतो. मग तीच पत्रिका, तीच फाइल, भर दुपारी पुन्हा पुन्हा काढून पाहिली. मशीन हललं नाही.

हिवाळ्यात जे चालायचं ते वैशाखात का चालेना, याचं उत्तर साध्या गणितात आहे. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ३३०० वरून ४५०० वर नेला की ३६ टक्क्यांची वाढ, आणि व्होल्टेज १.२ वरून १.४ केलं की त्यावर आणखी ३६ टक्के. दोन्ही मिळून विजेचा खर्च ८५ टक्क्यांनी वाढतो आणि त्या सगळ्याची उष्णता होते. ती बाहेर टाकणारा कूलर खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोली २० अंशांवरून ४० वर गेली की चिपचं तापमानही जवळपास तेवढंच चढतं. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४४ च्या वर जातो, हे प्रोसेसरची सेटिंग्ज लिहिणाऱ्या त्या मुलानं कदाचित थंडीच्या दिवसांत गृहीत धरलं नसावं.

त्यात वयाची भर. कूलरखालची थर्मल पेस्ट वाळून कडक होते. बोर्डावरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं आतून सुकत जातात आणि व्होल्टेज पूर्वीइतकं स्थिर राहत नाही. खुद्द चिपही म्हातारी होते. वाहणारे इलेक्ट्रॉन तारांमधल्या धातूचे अणू हळूहळू सरकवतात. १९६९ साली जेम्स ब्लॅक यांनी या झिजेचं समीकरण मांडलं. प्रवाहाची घनता आणि तापमान वाढलं की ही झीज झपाट्यानं होते. ट्रान्झिस्टरांनाही जसजसं वय होतं तसतसं त्याच वेगासाठी थोडं जास्त व्होल्टेज लागू लागतं. म्हणजे १२ वर्षांपूर्वी रात्रभर तपासून पक्कं केलेलं सेटिंग आज पक्कं असेलच असं नाही. सेटिंगचे आकडे तसेच राहतात, पण चिप तीच राहत नाही.

तपासण्याच्या पद्धतीतही एक फसगत असते. प्राइम९५ हा प्रोग्रॅम मर्सेन अविभाज्य संख्या शोधण्यासाठी लिहिलेला. त्याला आपल्या गणितांची बरोबर उत्तरं आधीच ठाऊक असतात, म्हणून प्रोसेसर कुठे चुकला ते तो तत्काळ पकडतो. पण या चाचणीत रात्रभर टिकलेलं मशीन सकाळी कुणी हात न लावताही कोसळलेलं मी पाहिलं आहे. काम नसताना प्रोसेसर वेग आणि व्होल्टेज खाली आणतो, आणि ओव्हरक्लॉक करताना व्होल्टेज नीट बसवलेलं नसेल तर त्या खालच्या पायरीवर ते कमी पडतं. म्हणून एकाच चाचणीवर विसंबू नये. रॅम तपासणारा मेमटेस्ट पेनड्राइव्हवरून, विंडोजच्या बाहेर चालवावा. रॅमची एकेक पट्टी लावून पाहावी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर बरं कशानं वाटलं ते कधीच कळत नाही.

या विषयावर मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी २००५ मध्ये लिहिलेली हकिकत मला फार मोलाची वाटते. विंडोजच्या क्रॅश अहवालांत अशा काही नोंदी आढळल्या, ज्यांत प्रोग्रॅम एका अशक्य जागी कोसळला होता. 'एक्सऑर ईएएक्स, ईएएक्स' ही ती सूचना. प्रोसेसरच्या पोटातल्या एका जागेत शून्य भरायचं, बस. ती मेमरीला हात लावत नाही, तिच्यात चुकण्यासारखं काही नाही. शोध घेतल्यावर समोर आली ती ओव्हरक्लॉक केलेली मशीन्स, आणि त्यातल्या काहींच्या मालकांना आपलं मशीन ओव्हरक्लॉक केलेलं आहे हेही माहीत नव्हतं. दुकानदारानं ते तसंच विकलेलं. शून्य लिहिता न येणारं यंत्र! पुढे २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी जवळजवळ १० लाख पीसींचे क्रॅश अभ्यासले. ओव्हरक्लॉक केलेली मशीन्स जास्त कोसळत होती हे अपेक्षितच होतं. पण ठरलेल्या वेगापेक्षाही हळू चालवलेली मशीन्स अधिक भरवशाची निघाली. मला ही नोंद जास्त विचार करायला लावते.

कारखान्यात चिपवर जो वेग छापला जातो तो तिच्या ताकदीच्या टोकाचा नसतो. चांगली गृहिणी ताटं मोजून झाल्यावरही मूठभर तांदूळ जास्त टाकते, तसा तो हिशेब असतो. ती मूठ उन्हाळ्यासाठी असते, विजेच्या चढउतारासाठी असते, धूळ साचलेल्या पंख्यासाठी असते आणि म्हातारपणासाठी असते. नव्या, थंड, स्वच्छ मशीनवर ती रिकामीच पडून आहे असं वाटतं, आणि वेगाचा भुकेला तरुण ती उचलून वापरून टाकतो. पहिली काही वर्षं त्याचं काही बिघडत नाही. किंमत बहुधा पुढचा मालक मोजतो.

आता तर ही मूठ खुद्द कारखान्यातच आखडती होऊ लागली आहे. आजचे प्रोसेसर कारखान्यातूनच टोकाच्या वेगापर्यंत आपोआप झेपावतात. २०२४ मध्ये इंटेलला १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांबद्दल मान्य करावं लागलं की गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं गेल्यानं काही चिप अकाली खंगत होत्या. कंपनीला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून द्यावी लागली. ज्यांनी बायॉसला कधी हातही लावला नाही, अशा लोकांच्या टेबलावर हे निळे पडदे येत होते. वेगाच्या स्पर्धेत राखीव गोष्ट वाया गेलेली वाटू लागते, आणि ती संपल्यावरच तिचं काम काय होतं हे कळतं. मशीन घेताना आपण वेग विचारतो. ते किती वर्षं, किती उन्हाळे काढील हे विचारणारा मला विरळा भेटतो.

आमच्या स्नेह्यांना पीडीएफ निघायला आता थोडा जास्त वेळ लागतो. त्याची त्यांना खंत नाही, कारण ती निघते. शिवाय छापायला जाणाऱ्या पत्रिकेतलं वधूवरांचं नाव मशीननं मध्येच बिघडवलं नसेल, अशी खात्री त्यांना हवी होती.

तेव्हा जुनं मशीन वारंवार निळं पडत असेल तर विंडोज उडवू नका, घाईनं नवी रॅम आणू नका. आधी कामाच्या फायलींची दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्या, कारण चुकणाऱ्या मशीननं काय लिहून ठेवलंय ते सांगता येत नाही. मग बायॉसमध्ये जा, वेग, व्होल्टेज आणि रॅम मूळ जागी आणा, पंख्यातली धूळ झटका, पेस्ट बदला आणि ऐन उन्हाच्या वेळी आठवडाभर तेच काम करून पाहा. त्यानंतरही कोसळलं तर खुशाल ड्रायव्हरला, रॅमला, पॉवर सप्लायला धरा. आणि मशीन दुसऱ्याला विकत असाल तर ते ओव्हरक्लॉक केलेलं आहे, हे घेणाऱ्याला स्वच्छ शब्दांत सांगा.