फाटकापाशी उभ्या राहणाऱ्या बायका

रांगेत उभे राहण्याचे शिक्षण आम्हां शहरी माणसांना बाळकडूबरोबरच मिळते. रेशनचा गहू, रॉकेल, बस, मुलाचा शाळाप्रवेश, सगळीकडे रांग. तिला आपण नावे ठेवतो खरी, पण तिच्यात एक भरवसा असतो, आपला नंबर केव्हातरी लागणार! नंबर लागेल की नाही हेच ज्या रांगेत कोणाला ठाऊक नसते, अशा एका रांगेविषयी मी गेली काही वर्षे नेमाने वाचत आले आहे. आणि खरे सांगायचे तर रांगेपेक्षाही तिच्या कडेला वही घेऊन उभ्या राहणाऱ्या बायकांविषयी.

या बायका इस्राएलच्या. त्यांच्या संस्थेचे नाव 'मखसोम वॉच'. मखसोम म्हणजे हिब्रूत अडथळा, नाका. जनावराच्या तोंडाला बांधायच्या मुसक्यालाही त्या भाषेत हाच शब्द आहे. सप्टेंबर २००० मध्ये दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनी लोकांचा उठाव सुरू झाला. पुढे इस्राएलच्या बसगाड्यांत नि उपाहारगृहांत बाँब फुटू लागले, आणि वेस्ट बँकेत गावागावांच्या मधोमध लष्करी नाके उभे राहिले. २००१ च्या आरंभी काही इस्राएली बायकांनी ठरवले की या नाक्यांवर आपल्या नावाने काय चालते ते आपण जाऊन पाहायचे. संस्थेत पुरुषांना प्रवेश नाही. बहुतेक जणी वयस्क, नोकरीतून निवृत्त झालेल्या. आपल्याकडे या वयात बायका भिशी लावतात, भजनी मंडळात जातात. या पहाटे उठून नाक्यावर जातात.

आमच्या घरी मला विचारतात, "अगं, तुझा काय संबंध?" संबंध म्हटला तर एवढाच, की लहानपणी आमच्या चाळीत एक बेने इस्राएल कुटुंब होते. मूळचे अलिबागकडचे. आजी आमच्यासारखेच मराठी बोलत, आमच्यासारख्याच नारळाच्या करंज्या करीत. पुढे ती सारी मंडळी इस्राएलला गेली, आणि नकाशातला तो चिंचोळा देश आमच्या लेखी शेजारच्या बिऱ्हाडाचा झाला. ओळखीच्या घरात भांडण ऐकू आले की कान तिकडे जातोच.

तर या बायका करतात काय? दोघी-तिघी मिळून जातात. छातीवर संस्थेचा बिल्ला असतो. किती खिडक्या उघड्या आहेत, रांगेच्या शेपटापासून पलीकडे पोचायला किती वेळ लागतो, कोणाला परत पाठवले, का पाठवले, हे सारे घड्याळ लावून टिपतात. एखादी आजारी बाई अडकली, तर लष्कराच्या कचेरीत फोन करतात. घरी येऊन सगळे हिब्रूत आणि इंग्रजीत लिहून काढतात. अधिकार म्हणाल तर कसलाच नाही. सैनिकाने ऐकले तर ऐकले.

मी या टिपणांतली इंग्रजी तेवढी वाचते. त्यांत साहित्य नाही. वाणसामानाच्या यादीसारखी ती कोरडी असतात. पण यादी वाचता वाचता घर दिसू लागते, तसे होते. बेथलेहेमच्या नाक्याचे पाहा. तिथून जेरुसलेम जेमतेम दहा किलोमीटर, आपल्या दादर-सांताक्रूझएवढे. इमारतींच्या कामावर सकाळी सातला हजर व्हायचे, तर हेब्रोनकडच्या खेड्यांतले गवंडी नि मजूर रात्री दोन-तीनलाच घर सोडीत. मग लोखंडी गजांच्या बोळात उभे राहायचे, फिरत्या फाटकातून एकेकाने आत शिरायचे, कमरेचा पट्टा नि खिशातली नाणी काढायची, चुंबकी कार्ड नि परवाना दाखवायचा. त्या गर्दीत गजांवर चढून पुढे सरकणारे तरुणही असत, कारण उशीर झाला तर मुकादम दुसऱ्याला घेणार. दिवसभर विटा उचलून संध्याकाळी पुन्हा त्याच वाटेने घर. मुले जागी कधी दिसत असतील, असा प्रश्न एखाद्या बाईलाच पडायचा.

त्या फिरत्या फाटकाविषयी एक गोष्ट एयाल वाइझमन या इस्राएली वास्तुविशारदाने आपल्या २००७ च्या पुस्तकात नोंदली आहे. इस्राएलमधल्या विद्यापीठांत, स्टेशनांवर अशा फाटकांचे दांडे ७५ ते ९० सेंटिमीटर लांब असतात. नाक्यांसाठी मात्र ५५ सेंटिमीटरांचे बनवून घेतले. का, तर माणूस दांड्यात घट्ट बसावा आणि अंगात काही लपवले असेल तर कळावे. त्यात लठ्ठ माणसे अडकत, कडेवर मूल असलेल्या बाया अडकत. वीस सेंटिमीटर म्हणजे आपली एक वीतभर! कोणीतरी कचेरीत बसून, चहा पिऊन, ही वीत कापली असणार.

नोव्हेंबर २००४ मध्ये नाब्लुसजवळच्या बेत इबा नाक्यावर एक पॅलेस्टिनी माणूस व्हायोलिनची पेटी घेऊन आला. सैनिकांसमोर त्याने व्हायोलिन वाजवले, मागे रांग तटलेली होती. यांच्यातली एक बाई तेव्हा तिथे होती, तिने ते चित्रित केले. मला वाजवायला लावले, असे तो म्हणाला. तो आपणहून वाजवू लागला, असे लष्कराचे म्हणणे. चित्रण बाहेर येताच सारा देश अस्वस्थ झाला, कारण नाझींच्या छावण्यांत ज्यू कैद्यांकडून वाद्ये वाजवून घेतल्याची आठवण तिथे घरोघरी आहे. मला मात्र वाटते, व्हायोलिन नसलेली माणसेही त्या दिवशी तिथे तितकाच वेळ उभी होती.

सैनिकांनाही एकदम राक्षस ठरवू नये. अठरा-वीस वर्षांची ती पोरे, सक्तीच्या नोकरीवर आलेली, उन्हात अंगावर चिलखत घालून उभी. पुढे आलेल्या माणसाच्या कोटाखाली काय असेल ही भीती खोटी नव्हती. नाक्यांवर सैनिक मारलेही गेले आहेत. या बायकांना तर ती नातवाच्या वयाची. काही पोरे त्यांना आजीसारखे वागवतात, काही देशद्रोही म्हणतात, आणि दोन्ही ऐकून त्या पुढची ओळ लिहितात.

खरा वाद त्यांचा आपसांतच आहे. एखाद्या रुग्णासाठी फोन केला, त्याला सोडले, म्हणजे आपण माणुसकी केली की नाक्याचा कारभार सुरळीत चालवायला हातभार लावला? आपण कडेला उभ्या असल्यामुळे ही गोष्ट सभ्य तर दिसत नाही ना? संस्थेच्या एक संस्थापिका येहुदित केशेत यांनी २००६ च्या आपल्या पुस्तकात या प्रश्नांची लपवाछपवी केलेली नाही. मला विचाराल तर फोन करावा. तत्त्व उद्यापर्यंत थांबेल, डायलिसिसचा रोगी थांबणार नाही. पण हे मी इथे खुर्चीत बसून म्हणते, याचीही मला जाणीव आहे.

२०१९ मध्ये रामल्ला-जेरुसलेम वाटेवरच्या कलंदिया नाक्यावर चेहरा ओळखणारी यंत्रे आली. रांगा झपाट्याने सरकू लागल्या. मात्र परवान्याला ज्याची 'सुरक्षेच्या कारणास्तव' बंदी आहे, त्याला कारण सांगायला यंत्राला तोंड नाही. अशांचे अर्ज भरून देण्याचे कामही यांतल्या काही जणींनी अंगावर घेतले.

मग ७ ऑक्टोबर २०२३ उजाडला. हमासच्या हल्ल्यात इस्राएलमध्ये सुमारे बाराशे माणसे मारली गेली. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये किती हजार मेली ते आपण रोज वाचत आलो. वेस्ट बँकेतल्या लाखाहून अधिक मजुरांचे कामाचे परवाने स्थगित झाले, आणि पहाटेच्या त्या रांगाच आटल्या. इतकी वर्षे ज्या रांगेला नावे ठेवली तीच आता कोणाला हवीशी वाटावी, असे दिवस आले.

ऑलिव्हची तोडणी तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, आपल्या दिवाळीच्याच दिवसांत. २००२ पासून बांधलेली भिंत आणि कुंपण पुष्कळ ठिकाणी वेस्ट बँकेच्या आतून गेले आहे, त्यामुळे घर अलीकडे नि झाडे पलीकडे, अशी कितीतरी शेतकऱ्यांची गत झाली. कुंपणात शेतीची म्हणून फाटके आहेत. काही दिवसातून थोडा वेळ उघडतात, काही फक्त तोडणीच्या हंगामात. परवाना म्हाताऱ्या मालकाला मिळतो, झाडावर चढू शकणाऱ्या मुलाला मिळेलच असे नाही. २०२३ च्या हंगामात पुष्कळांना झाडांपर्यंत जाताच आले नाही, फळ फांदीवरच वाळले. अशा फाटकांवरही या बायका गेल्या आहेत. किल्ली सैनिकांच्या जीपमध्ये असते. जीप कितीला आली, कुलूप कितीला उघडले, किती जण आत गेले आणि किती जण गाढवे घेऊन परत फिरले, हे त्या लिहून ठेवतात.