इब्रामपूरचा हुर्राक

आमच्या वॉशिंग्टन राज्यात सप्टेंबर आला की बिअरच्या दर्दी मंडळींची लगबग सुरू होते. याकिमाच्या खोऱ्यात हॉप्सची तोडणी चालू असते. ती ओली फुलं न वाळवता, शक्यतो त्याच दिवशी बिअरमध्ये पडतात. ही ताजी एल काही आठवडेच मिळते. पहिला घोट घेतला तेव्हा मला गोव्याचा हुर्राक आठवला. हंगामापुरताच, आणि साठवून न ठेवण्यासारखा! म्हणून यंदा एप्रिलमध्ये सुट्टी जोडून घेतली आणि पेडणे तालुक्यातलं इब्रामपूर गाठलं.

पेडण्याहून चांदेलमार्गे आत गेलं की रस्ता काजूच्या बागांमधून जातो. हे गाव गोव्याच्या अगदी उत्तर टोकाला. महाराष्ट्राची हद्द इथून जवळच. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजू आणला, पण या डोंगरउतारांनी तो असा आपलासा केला की परका वाटतच नाही.

भाटी झाडाखालीच होती. इथे बोंडं झाडावरून तोडत नाहीत. पिकून आपणहून पडलेलीच वेचतात. बिया पिळून वेगळ्या काढतात, त्या विकायला जातात. बोंडं कोळंबीत घालून पायांनी तुडवतात. चोथ्यावर वजन ठेवलं की रात्रभर थेंब थेंब गळतो तो निरो. सकाळी तोच आधी हातात मिळाला. थंडगार, गोड, घशाला किंचित धरणारा. दुपारपर्यंत तो आंबू लागतो, म्हणून सकाळीच प्यायचा.

तुडवलेला रस दोन-तीन दिवस आंबवून भाणात उकळतात. वाफ थंड होऊन लावणीत उतरते, तो हुर्राक. हाच पुन्हा आंबवलेल्या रसात मिसळून दुसऱ्यांदा गाळला की फेणी. फेणी वर्षानुवर्षं टिकते, 2009 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. हुर्राक मात्र सौम्य, पिकल्या बोंडाचा वास अंगभर घेऊन येणारा. लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची, एवढाच सरंजाम. वास नाकात शिरला आणि पहिल्या घोटालाच कळलं, ही चव बाटलीत बंद करून सातासमुद्रापार न्यायची नाही.

भाटीवाले काका सत्तरीचे. दरवर्षी पावणीत बोली लावून काजूचा पट्टा घेतात. मुलगा मोपा विमानतळावर नोकरीला. 2023 मध्ये विमानं उतरू लागली आणि भोवतालच्या जमिनींना भाव आला. शेजारची एक बाग विकली गेली आहे. "पोराला पगार बरा मिळतो, त्याला कशाला उन्हात तुडवायला लावू?" काका म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. मग जाळ सारता सारता म्हणाले, "पण बोंडं तर पडणारच. ती वेचणार कोण?"

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. विमानाने इथवर येणाऱ्यांत मीही होतेच.

तुमच्यापैकी कुणी मार्च ते मेच्या दरम्यान गोव्याला निघालात, तर समुद्रकिनाऱ्यावरचा एक दिवस पेडण्याच्या डोंगरांना द्या. भाटीवर सकाळी लवकर जा, आधी निरो मागा. पिणारे नसाल तरी चालेल. मुलांना कोळंबी दाखवा. आणि निघताना काजूबिया तिथूनच घ्या. बाग राखायला तेवढाच हातभार.