गोळा

आमचे वडील अकोला–खंडवा मीटरगेजवर पॉइंट्समन होते. त्यामुळे वेताच्या मोठ्या कड्याला लटकलेली पिशवी आणि तिच्यातला पोलादी गोळा मी अक्षरांच्याही आधी ओळखू लागलो. रूळ एकेरी, अकोटहून मेळघाटात शिरणाऱ्या आणि तिकडून उतरणाऱ्या गाड्यांनी तो वाटून घ्यायचा. गोळा ज्या ड्रायव्हरच्या हाती, रूळ त्याचा. बाबा कडे उंच धरून उभे राहत आणि ड्रायव्हर चालत्या गाडीतून त्यात हात घालून ते उचलून नेई. मला ती सर्कसच वाटे.

ती मीटरगेज आता उरली नाही. मी पोटासाठी संगणकाकडे वळलो, तर तिथेही 'सेमाफोर' भेटला! एकाच जागेसाठी धडपडणाऱ्या प्रक्रियांना, म्हणजे चालू प्रोग्रामांना, आवरण्याची ही युक्ती डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा (१९३०–२००२) यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी काढली. नाव रेल्वेच्या हातवाल्या सिग्नलचे. एक आकडा असतो. आत जाणाऱ्याने तो एकाने उतरवावा, बाहेर पडणाऱ्याने चढवावा, शून्य असेल तर थांबावे. म्हटले, हा तर आपल्या घरचाच!

ही घमेंड एका कापसाच्या हंगामात उतरली. अमरावतीकडच्या एका जिनिंगसाठी मी काट्याच्या पावत्यांचा प्रोग्राम लिहिला होता. खिडक्या दोन, प्रक्रिया दोन, क्रमांकांची वही एक. पहाटे चारला बैलगाडी घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्याच्या हाती २१४, आणि शेजारच्या खिडकीवर एका ट्रॅक्टरवाल्याच्या हातीही २१४! ट्रॅक्टर आधी काट्यावर चढला. काटा बंद झाला तेव्हा म्हातारा गाडीखाली घोंगडी अंथरत होता. मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

रात्री बाबांना फोन केला. "सेमाफोर लावला होता हो!" मी कुरकुरलो.

"लावला असंल. पण दोन्ही टेसनावरच्या पेट्यायले तार जोडली होती काय?"

मी गप्प. गोळा पेटीतून निघतो, आणि दोन स्टेशनांच्या पेट्या तारेने बांधलेल्या असतात. एकीतून गोळा निघाला की तो परत पेटीत पडेपर्यंत दुसरीही गोळा देत नाही. तार नसेल, तर दोन्ही मास्तर अगदी प्रामाणिकपणे एकेक गोळा देतील आणि गाड्या समोरासमोर येतील.

माझे तेच झाले होते. पॉसिक्सच्या रीतीने सेमाफोर उभारताना एक आकडा द्यावा लागतो: ० म्हणजे एकाच प्रक्रियेतल्या धाग्यांपुरता, १ म्हणजे प्रक्रियांमध्ये सामाईक. १ मी लिहिला होता. पण सेमाफोर ठेवला होता प्रक्रियेच्या खासगी स्मृतीत. तिच्यातून दुसरी प्रक्रिया जन्माला घातली तेव्हा स्मृतीची नक्कल झाली, तिच्याबरोबर सेमाफोरचीही. पेट्या दोन, तार नाही! तो सामाईक स्मृतीत ठेवणे हे माझे काम होते. रात्रीच केले.

"आन् गोळा घेतलेला डायवर वाटंतच मेला तं?" बाबांनी विचारले.

सेमाफोरला फक्त आकडा ठाऊक. तो कुणी उतरवला याची नोंद त्याच्याकडे नसते. धरणारी प्रक्रिया मधेच मेली की आकडा शून्यावरच, बाकीच्या जन्मभर खोळंबलेल्या.

"मंग आधी गाडी कुठं हाये ते पाहा लागते," बाबा म्हणाले. "तोवर दुसरी सोडत नाहीत."

त्या कामासाठी 'रोबस्ट म्यूटेक्स' नावाचे निराळे कुलूप असते. धनी मेला तर ते पुढच्याला तसे कळवते. वही नीट आहे का, ते मग त्याने पाहायचे. क्रमांकांच्या वहीला मी तेच बसवले.

सकाळी पहिला काटा म्हाताऱ्याचा झाला. त्याची गाडी काट्यावरून उतरेपर्यंत मी खिडकीपासून हललो नाही.