काजळी

ताप उतरला, तरी अंगात त्राण नव्हतं. बसल्या बसल्या सेंच्युरियन रणगाड्याचं १:३५ मापाचं मॉडेल रंगवायला घेतलं. हिरवा रंग वाळला, पण इतका कोरा गाडा परकाच वाटला. मग पातळ केलेला तपकिरी तैलरंग सांध्यांत सोडला, स्पंजाच्या तुकड्यानं कडांवर ओरखडे उठवले, चाकांवर मातकट पूड चोळली.

भारत-पाक युद्धात, १६ डिसेंबर १९७१ला, बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल अशाच सेंच्युरियनमध्ये लढता लढता गेले. जन्म पुण्याचा, वय २१. पेटलेला गाडा सोडायला त्यांनी नकार दिला होता.

चिखल लावताना हात सहज चालतो. काजळीची पूड उघडली, आणि ब्रश अडला. कुणाच्या तरी आगीची खूण हौसेनं उमटवावी का? खरेपणासाठी ती हवी, असंही वाटतं. तूर्त फक्त धूळ लावतोय.