वजनकाटा माळ्यावर गेला त्याची गोष्ट

2018 च्या सुमारास लातूरमध्ये कुणाच्याही घरी गेले आणि चहाचे विचारले, की समोरची बाई हसून म्हणायची, "नको, माझे दीक्षित चालू आहे." आमच्या मोहल्ल्यात तर हे वाक्य सलामानंतरचे दुसरे वाक्य झाले होते.

डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्याच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानातून मिळालेली पद्धत त्यांनी आधी स्वतःवर आजमावली आणि मग विनामूल्य लोकांपर्यंत नेली. खरी भूक लागते अशा दोन वेळा ओळखायच्या, त्या दोन वेळा पोटभर जेवायचे, जेवण 55 मिनिटांत संपवायचे. मधल्या वेळात पाणी, पातळ ताक किंवा बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा. शिवाय रोज 45 मिनिटे चालणे. प्रत्येक खाण्याबरोबर इन्शुलिन वाढते आणि ते वाढलेले असले की साठवलेली चरबी वापरली जात नाही, हा त्यामागचा विचार.

आम्हा बायकांना यात नवे काही वाटले नाही. सहेरी आणि इफ्तार अशा दोन वेळा खाऊन महिना काढणाऱ्यांना दोन जेवणांची काय भीती? मी सुरू केले. आठ महिन्यांत 84 किलोवरून 73 वर आले. नांदेडला माहेरी गेले तर देगलूर नाक्यावरच्या ओळखीच्या बायका थांबवून विचारू लागल्या. मी त्यांना सांगायची, "आता कुठे माणसात आल्यासारखे वाटते." हे वाक्य माझी मुलगी शेजारी उभी राहून ऐकत होती. पुढे ते मला फार महाग पडले.

मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. रात्री-बेरात्री उठणे, उरलेसुरले खाणे, फिरणे बंद. पाठोपाठ लॉकडाऊन आला. दोन वर्षांत काटा 82 वर. लाज वाटली ती वजनाची कमी आणि स्वतःची जास्त. नफ्सवर ताबा नाही, ईमानच कच्चे आहे, असे मी मनाला बोलत राहिले. रमजानमध्ये किलो-दीड किलो उतरायचे, शव्वाल संपेपर्यंत परत यायचे. दरवर्षी तेच. शरीर कुठल्या तरी ठरलेल्या आकड्याकडे परत जाते आहे, हे तेव्हा लक्षात आले नाही.

दोन वर्षांपूर्वी मुलीला पाहायला एक घर आले. बगारा खाना, दालचा, सगळे यथासांग झाले. आठ दिवसांनी मध्यस्थाकरवी निरोप आला, "मुलगी गुणी आहे, पण अंगाने जरा जास्त आहे." आम्ही विषय सोडून दिला. तिने सोडला नाही.

शव्वालचे सहा रोजे तिने धरले, मला आनंद झाला. मग कजा रोजे. मग दर सोमवार-गुरुवार. पोरगी दीनदार झाली असे मी बहिणीला फोनवर सांगितले. सहेरीला ती फक्त पाणी पिते, इफ्तारला एक खजूर खाऊन ताट आत नेते आणि मोलकरणीला देते, हे मला ठाऊक नव्हते. एका दुपारी ती जिन्यावर चक्कर येऊन पडली. तपासणीत हिमोग्लोबिन 7.8 निघाले. दवाखान्यात तिच्याजवळ बसून मी रागावले, तर ती हळूच म्हणाली, "अम्मी, तुम्हीच म्हणाला होतात ना, वजन उतरल्यावर माणसात आल्यासारखे वाटते?"

मला उत्तर देता आले नाही. त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले.

1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा येथे 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिले. वजन सुमारे पावपट उतरले. पण त्यांना दिवसरात्र अन्नच दिसू लागले, अंग थंड पडले, मन खिन्न झाले. पुन्हा खायला मिळाल्यावर वजन भरून आले आणि चरबी तर आधीपेक्षा जास्त झाली. असे का होते, याचा एक धागा 1994 मध्ये मिळाला. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचा संप्रेरक सोडतात. चरबी घटली की लेप्टिन घटते, मेंदू त्याला दुष्काळ समजतो, भूक वाढवतो आणि खर्च आखडता घेतो. टीव्हीवरच्या स्पर्धेत भराभर वजन उतरवलेल्या 14 जणांना सहा वर्षांनी तपासले, तर बहुतेकांचे वजन बरेचसे परत आले होते आणि त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होते. डेन्मार्कमध्ये दत्तक मुलांचा अभ्यास झाला. त्यांचा बांधा वाढवणाऱ्या आईबापांवर नव्हे, जन्मदात्यांवर गेलेला दिसला.

म्हणजे माझे ईमान कच्चे नव्हते. शरीर आपले काम करत होते.

पण मग सगळे नशिबावर सोडून शीरखुर्म्याची दुसरी वाटी घ्यायची का? तसेही नाही. बांधा वारशाने आला असला, तरी माझ्या आजीच्या पिढीत इतकी वजने नव्हती. रक्त तेच आहे. ज्वारीच्या भाकरीच्या जागी मैदा आला, पायांच्या जागी स्कूटी आली, चहा दोनाचा सहा वेळा झाला. शरीराचा ठरलेला आकडा वर सरकतो सहज, खाली येतो फार कष्टाने.

दुसरी गोष्ट पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्यामुळे कळली. त्यांनी स्वतःची आणि एका इंग्रज सहकाऱ्याची तुलना 2004 मध्ये प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, पण इंग्रजाच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्यालाही मधुमेह गाठतो तो असा. तेव्हा काटा पूर्ण खरे सांगत नाही. पोटाचा घेर आणि रक्तातली साखर जास्त सांगतात. मधुमेह नवा असताना बरेच वजन उतरवले, तर तो अनेकांत मागे हटतो, हेही इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या अभ्यासात दिसले आहे. ज्याला दोन जेवणे मानवतात, त्याने जरूर करावे. मात्र साखरेची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. रोज्यासाठीही हेच लागू आहे.

आमच्या घरी आता काटा माळ्यावर आहे. असरनंतर आम्ही दोघी चालायला जातो. चहा दोनदाच, साखर निम्मी. माझे वजन 80 च्या आसपास थांबले आहे, पण तीन महिन्यांची साखर ताब्यात आहे. मुलगी सहेरीला भाकरी-भाजी खाते, लोहाच्या गोळ्या घेते. तिचे हिमोग्लोबिन 11 च्या वर गेले आहे. वजन मी विचारत नाही.

पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही रसूलुल्लाह (स.) यांची शिकवण आपण लेकरांना सांगतो. त्याच दीनमध्ये सूरह हुजुरातमध्ये बायकांनी बायकांची थट्टा करू नये, असेही बजावले आहे. हे दुसरे आपण दावतीच्या दस्तरखानावर विसरतो.

गेल्या ईदला नांदेडला गेलो. एक नातेवाईक मुलीकडे बघून "अगं, किती..." म्हणाल्या. ऐंशीच्या घरातल्या माझ्या अम्मीने पलंगावरूनच त्यांना अडवले, "आधी पोरीचा सलाम तरी घ्या."

मुलगी हसली. तिने शीरखुर्म्याची वाटी उचलली आणि निवांत खाल्ली.