दोन पाय आय

गणिताचा आणि माझा संबंध पंचवीस वर्षांपूर्वी तुटला, आणि तोही सलोख्याने नव्हे. विज्ञान शाखेच्या पहिल्याच वर्षी प्राध्यापकांनी फळ्यावर उणे एकाचे वर्गमूळ काढले आणि ‘ही काल्पनिक संख्या’ असे सांगून ते पुढे निघाले. मी उभा राहून विचारले, ‘‘सर, जी नाहीच, तिचे गणित कशाला?’’ वर्ग हसला. सर म्हणाले, ‘‘तुम्ही कविता करा.’’ त्याच दुपारी मी कला शाखेचा अर्ज आणला. यथावकाश मराठीत एम.ए. झालो, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात कविता शिकवू लागलो. करायचे मात्र अजून जमलेले नाही.

म्हणून गेल्या वर्षी पावसाळ्यात बी.एस्सी.ची एक मुलगी सदसत् चलांचे जाडजूड पुस्तक छातीशी धरून माझ्या दारात उभी राहिली, तेव्हा मी तिला गणिताच्या सरांचे घर दाखवले.

‘‘तिकडूनच आली, सर. गणित येते. पुस्तकातलं इंग्रजी नाही समजून राहिलं.’’

मुलगी भामरागडकडची. घरी माडिया, शाळेत मराठी आणि पुस्तक इंग्रजी. उन्हाळी परीक्षेत हा पेपर राहिला होता. हिवाळीत पुन्हा राहिला तर शिक्षण बंद, असे वडिलांनी बजावलेले. पर्लकोटेला पूर आल्याने गावाची वाट तुटलेली. घरी जाऊन रडायचीही सोय नव्हती. ‘माझा विषय नव्हे’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण ‘तुम्ही कविता करा’ यापेक्षा ते फारसे वेगळे नाहीत, हे ऐन वेळी ध्यानात आले आणि मी म्हटले, ‘‘बैस.’’

महिनाभर आम्ही शब्दच सोडवीत होतो. इंग्रजीने या संख्येला ‘काल्पनिक’ म्हणून आधीच बदनाम करून ठेवले आहे. आपल्या विश्वकोशात ‘सत्’, ‘असत्’ आणि दोन्ही मिळून ‘सदसत्’ असे शब्द आहेत. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताला ज्या जोडीने कोडे घातले, तीच ही जोडी! मी खुलून बोलू लागलो. मुलगी नम्रपणे ऐकत होती. तिला सूक्तावर प्रश्न येणार नव्हता.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात स्वच्छ सांगून टाकले होते की, ऋण संख्या हा कशाचाच वर्ग नसल्यामुळे तिला वर्गमूळ नाही. हे वाचून मला माझाच पक्ष बळकट झाल्यासारखे वाटले. पुढे १५४५ साली इटलीत कार्दानोने दहाचे असे दोन भाग पाडले की त्यांचा गुणाकार चाळीस यावा. त्याला उणे पंधराचे वर्गमूळ घ्यावे लागले. उत्तर जुळले आणि हे सूक्ष्म खरे, पण निरुपयोगी, असे त्याने ठरवले. आज चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातून निघणाऱ्या प्रत्यावर्ती विजेचा हिशेब इंजिनियर याच निरुपयोगी संख्यांनी करतात.

आणि उणे एकाचे वर्गमूळ म्हणजे तरी काय? कवायतीतले ‘बायें मुड’. एकदा वळलात की काटकोनात; पुन्हा वळलात की तोंड थेट उलट दिशेला, म्हणजे उणे. हे मला त्या मुलीने अंगणात वळून दाखवले. पंचवीस वर्षांपूर्वी कोणी असे वळून दाखवले असते तर! पण ते असो.

खरी अडचण कोशीच्या सिद्धांतापाशी आली. बंद वाटेने फिरून मूळ जागी यायचे आणि वाटेतली बेरीज करायची. आत सगळे सुरळीत असेल तर बेरीज शून्य. पण आत शून्याने भागण्याची वेळ आणणारा एखादा बिंदू असला, तर शून्याऐवजी दुसरेच काही हाती येऊ शकते. एक भागिले झेड घ्या. शून्याभोवती एका फेरीला ‘दोन पाय आय’. (हे मोठ्याने म्हटले तेव्हा आमची ही स्वयंपाकघरातून विचारती झाली, ‘‘कोणाची आय?’’)

मी तिला महाविद्यालयाच्या आवारातल्या वडाजवळ नेले. वटपौर्णिमेचे सूत अजून बुंध्याला होते. म्हटले, ‘‘मोकळ्या अंगणात सूत सोडीत फेरी घाल; दोन्ही टोके धरून ओढलेस तर सगळे हातात परत येते. वड मध्ये असला की येत नाही. फेरी बुंध्याला चिकटून घाल नाही तर लांबून, वेढा एकच मोजायचा.’’

ती बराच वेळ सुताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘‘पण सर, प्रदक्षिणा घड्याळाच्या काट्यांसारखी असते. गणितात उलटी फेरी धन धरतात. बायांचं उत्तर उणे येईल.’’

मी दोनदा फिरून पाहिले. तिचे बरोबर होते.

परीक्षेच्या संध्याकाळी ती धावत आली. ‘‘सर, फेरी वडाच्या बाहेरून होती! शून्य लिहिलं.’’ निकालात ती उत्तीर्ण होती. गुण फार नव्हते, पण पुरेसे होते.

तिला न्यायला वडील आले. पिशवीतून चारोळी काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली आणि मुलीला माडियात काहीतरी विचारले. ती सांगू लागली. हात फिरवून, अंगणात वळून, माझ्या दारच्या पेरूभोवती एक फेरी घालून, तीही उलटी. वडील मान डोलवीत होते, मध्येच हसत होते. मी हातात चारोळी घेऊन ऐकत उभा होतो. एवढ्या बोलण्यातले मला कळले ते तीनच शब्द : दोन पाय आय.