सायकलच्या पट्ट्यास

प्रिय पट्ट्या,

उट्रेख्टच्या हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पडायला लागलं की उघड्या साखळ्या बघता बघता तांबूस होतात. तू मात्र काळा तो काळाच. पॉलियुरेथेनचं अंग, आत कार्बन फायबरचे दोर. गंजणार तरी काय? साखळीच्या जागी तू आल्यापासून तेलाची बाटली गेली, चिंध्या गेल्या, पँटच्या उजव्या पायावरचे डागही गेले. चिखल बसला तर पाणी आणि जुना टूथब्रश, की झाली तुझी आंघोळ. (इथल्या आज्यांना याचं कौतुक नाही. त्यांच्या सायकलींच्या साखळ्या पिढ्यानपिढ्या डब्यात बंद असतात.)

पण तुझं काहीच करावं लागत नाही, असं दुकानदार सांगतात ते अर्धंच खरं. तुझे लाड कमी, अटी फार. तुला कडी नाही, त्यामुळे उघडता येत नाही. तुला आत घ्यायला फ्रेमच मागे एका जागी सुटी होणारी लागते. गिअर बदलताना साखळी सरकवणारा डिरेलर तुला चालत नाही, गिअर बंदिस्त हवेत, बहुतेकदा मागच्या चाकाच्या हबच्या आत. तेल तर अजिबात नको.

सगळ्यात मोठी अट आपल्या हाडात मुरलेल्या सवयीविरुद्ध आहे. साखळी उतरली की चार दात्यांवर अडकवायची आणि पायडल मागे फिरवायचं, हे शाळकरी पोरालाही येतं. तुझ्या बाबतीत हे केलं, किंवा स्क्रूड्रायव्हर घालून तुला चढवलं, तर आतले दोर मोडतात. वरून काही दिसत नाही. तू तुटतोस नंतर, भलत्याच चढावर. आधी चाक सैल करायचं, तुला हाताने दात्यांवर बसवायचं, मग ताण द्यायचा.

हा ताण जुळवणं मला मनापासून आवडतं. वरच्या बाजूला मधोमध तुला तंबोऱ्याच्या तारेसारखं छेडायचं आणि मोबाइल जवळ धरायचा. अ‍ॅप कंपनसंख्या सांगतं. हबमध्ये गिअर असतील तर साधारण 35 ते 50 हर्ट्झ, म्हणजे खर्जाच्याही खाली. पायडल थोडं थोडं फिरवून तीन-चार ठिकाणी मोजायचं, कारण दात्यांच्या चकत्या अगदी गोल नसतात. ढिला राहिलास तर जोर लावताना दाते सोडतोस. तुला फार ताणलं तर हबच्या बेअरिंगवर भार येतो.

मागचं चाक पंक्चर झालं की मात्र तुझा राग येतो. गिअरची केबल सोडा, नट सोडा, तुला उतरवा, आणि थंडीने बोटं बधिर.

साखळीची कडी कोल्हापुरातल्या कुठल्याही सायकल दुकानात मिळेल. तुझं तसं नाही: तू 118 दात्यांचा असशील तर 118च लागतो, 115 चालत नाही. म्हणून रोज कामावर जाणाऱ्याने, सायकल पावसात उभी करणाऱ्याने तुला खुशाल घ्यावं. लांब भटकायला निघणाऱ्याने मात्र तुझा एक जोडीदार सामानात ठेवावा, सैल वेटोळं करून. घडी घालू नये.

तुझा,
एक रोजचा स्वार